ब्रेकडान्स : रिंगणातला आणि पडद्यावरला

‘ब्रेकडान्स’ या शब्दातील ‘ब्रेक’ म्हणजे काय, असा प्रश्न मी आमच्या दिघाशीतील सात-आठ मुलांना विचारून पाहिला. एकाने सांगितले, गाडीला ब्रेक लावल्याप्रमाणे अंग एकदम थांबवायचे म्हणून ब्रेक. दुसऱ्याच्या मते हातपाय मोडायची तयारी ठेवावी लागते म्हणून ब्रेक. तिसरा म्हणाला, “टीव्हीवर जाहिरातींचा ब्रेक असतो ना, तसे काहीतरी असेल.” तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. परंतु तिसरे उत्तर माझ्या मनात राहिले. कारण या मुलांनी हा नाच कोठे पाहिला, हे त्यात आपोआप आले आहे. ही मुले नाचतात मात्र उत्तम. गणपतीतल्या रेकॉर्ड डान्स स्पर्धेत त्यांचा गट उतरला की आजूबाजूच्या गावांतून माणसे पाहावयास येतात.

हा ब्रेक वस्तुतः गाण्यातला आहे. न्यूयॉर्क शहराच्या उत्तर भागात ब्राँक्स नावाचा विभाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या विभागाच्या मधोमध एक मोठा महामार्ग काढण्यात आला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. (समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यात आमणे येथे येऊन संपतो. रस्ता आला की गावात काय काय बदलते, हे भिवंडीच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.) ज्यांना परवडले ते लोक ब्राँक्स सोडून गेले. मागे राहिले ते बहुतांशी गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले लोक. १९७० नंतरच्या दशकात तेथे इमारतींना आगी लागणे ही नित्याची बाब झाली होती, आणि काही आगी तर विम्याच्या पैशासाठी घरमालकांनीच लावलेल्या असत.

अशा वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेता यावेत म्हणून तिला पैसे हवे होते. रेकॉर्डी लावण्याचे काम तिच्या अठरा वर्षांच्या भावाकडे होते. क्लाइव्ह कॅम्पबेल हे त्याचे नाव. मूळचा जमैकाचा, आणि पुढे जगात ‘कूल हर्क’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गाण्याच्या मध्येच जेव्हा गायक थांबतो, इतर वाद्ये थांबतात आणि नुसता ताल उरतो, नेमक्या त्याच वेळी चांगले नाचणारे पुढे येतात. ताल उरलेला हा तुकडा म्हणजे ब्रेक. तो काही सेकंदांत संपून जातो. म्हणून हर्कने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा लावावयाचा, तोवर पहिली मागे फिरवून घ्यावयाची. त्या तालावर जे पुढे येत त्यांना तो ‘बी-बॉय’ म्हणे. त्यातला ‘बी’ हा ब्रेकचा.

आपल्याकडे हळदीच्या रात्री याहून वेगळे काय होते? बेंजोवाले गाणे वाजवीत असतात तोवर सगळेच हात वर करून नाचतात. गाणे थांबून नुसता ढोल सुरू झाला की मात्र हौशे मागे सरतात आणि दोन-तीन खरे नाचणारे मधे येतात. त्यांच्याभोवती रिंगण कोणी आखून देत नाही, तरी ते होते. न्यूयॉर्कमध्ये या रिंगणाला ‘सायफर’ म्हणतात.

या नाचाचे साधारणपणे चार भाग मानतात. प्रथम उभ्याने पाय टाकीत रिंगणात यावयाचे, हा टॉपरॉक. मग हात जमिनीला टेकवून त्यांच्याभोवती पाय फिरवावयाचे, हे फूटवर्क. त्यातील सहा पावलांचा ‘सिक्स-स्टेप’ हा प्रकार म्हणजे या विद्येची बाराखडी होय. तिसरा भाग पॉवर मूव्ह, म्हणजे खांद्यावर, पाठीवर किंवा डोक्यावर गरगर फिरणे. माझ्या आजीने मोबाईलवर हा प्रकार पाहिला आणि म्हणाली, “हा तर जात्यासारखा फिरतोय, दळण कुठाय?” चौथा भाग फ्रीझ : तालाच्या एका ठोक्यावर अशक्य वाटावे अशा स्थितीत अंग थिजवून ठेवणे. या चारांपैकी टीव्हीवर आपण तिसरा भरपूर पाहतो, चौथा थोडाफार पाहतो, आणि पहिले दोन जवळजवळ पाहतच नाही. असे का व्हावे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

उत्तराकडे जाण्यापूर्वी रिंगणाविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. रिंगणात एक जण नाचून बाहेर पडला की दुसऱ्याने त्याला नाचूनच उत्तर द्यावयाचे असते. कोणते गाणे लागेल हे दोघांनाही ठाऊक नसते. ते वाजविणाऱ्याच्या हाती. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलणे ही तेथे मोठी नामुष्की समजली जाते. कोकणातील शक्ती-तुऱ्याचा सामना ज्यांनी ऐकला असेल, त्यांना यात परके काहीच वाटणार नाही. समोरचा शाहीर कोणता सवाल टाकील हे आधी कळत नाही, आणि त्याचेच शब्द त्याला परत करून भागत नाही. आपल्या जिल्ह्यातील वारल्यांच्या तारपा नाचातही गाण्याची सत्ता तारपकऱ्याकडे असते. त्याने सूर बदलला की नाचणाऱ्यांचे पाऊल बदलते. सारी रांग त्याच्याभोवती फिरते आणि त्याच्याकडे पाठ करीत नाही. या नाचांत आणि ब्राँक्सच्या नाचात काही नाते आहे, असा दावा मला करावयाचा नाही. गरीब माणसे मोकळ्या जागेत नाचू लागली की बहुधा गोलातच नाचतात, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

टीव्हीला मात्र गोल चालत नाही. त्याला समोरची बाजू लागते.

हा नाच अमेरिकेत पडद्यावर आला तेव्हाच ही अडचण दिसू लागली. १९८१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरच्या आवारात रॉक स्टेडी क्रू आणि डायनॅमिक रॉकर्स या दोन गटांचा सामना झाला, तोवर न्यूयॉर्कबाहेर हे फारसे कोणाला माहीत नव्हते. १९८३ मध्ये ‘फ्लॅशडान्स’ हा चित्रपट आला. त्याच्या शेवटी नायिका परीक्षकांसमोर नाचते आणि पाठीवर भिंगरीसारखी फिरते. ती भिंगरी नायिकेची नव्हे. रॉक स्टेडी क्रूमधील ‘क्रेझी लेग्ज’ या मुलाने डोक्यावर बायकी केसांचा टोप घालून ती घेतली होती. हे वाचल्यावर मला आपल्या जुन्या संगीत नाटकांतील स्त्रीपार्टी नटांची आठवण झाली. तेथे निदान प्रेक्षकांना ठाऊक तरी असे! जगभरच्या किती मुलींनी हे दृश्य पाहून, आपल्यासारखीच एक मुलगी हे करते आहे, असे मानले असेल? पुढे १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या समारोपात लायोनेल रिची यांच्या गाण्यावर सुमारे दोनशे मुले मैदानात नाचली आणि ती दृश्ये घरोघरी पोहोचली. रिंगणात पाच-पंचवीस माणसांत नाचावयाचा नाच असा एकदम साऱ्या जगासमोर आला.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये घडलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेथील टीएफ-वन या वाहिनीवर १९८४ मध्ये दर रविवारी ‘हिप हॉप’ नावाचाच कार्यक्रम लागत असे. सादर करणारा सिडनी हा स्वतः कृष्णवर्णीय. कार्यक्रमात त्याने एक धडा ठेवला होता. एखादी चाल घेऊन ती संथपणे, अंगे सुटी करून, पाहणाऱ्या मुलांना समजेल अशी तो दाखवीत असे. कार्यक्रम वर्षभरच चालला. पण त्या एका वर्षात पडदा हा फळ्यासारखा वापरला गेला. आपल्याकडील पडद्याने हे काम कधीच केले नाही.

आपल्याकडे हा नाच आला तो हिंदी चित्रपटांच्या मार्गाने. ‘मेरी जंग’ (१९८५) मधील जावेद जाफरी यांचा नाच, ‘इल्जाम’ (१९८६) मधील गोविंदा यांचा रस्त्यावरचा नर्तक, आणि मग प्रभुदेवा. १९९६ मध्ये सोनी वाहिनीवर ‘बूगी वूगी’ सुरू झाले आणि प्रथमच साध्यासुध्या घरची मुले पडद्यावर नाचताना दिसू लागली. परीक्षक जावेद जाफरी यांना ही विद्या स्वतः येत होती, त्यामुळे त्या कार्यक्रमात निदान जाणकारी होती. २००९ मध्ये झी टीव्हीवर ‘डान्स इंडिया डान्स’ आणि कलर्सवर ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ सुरू झाले. त्यांतील दुसऱ्याचे पहिलेच विजेतेपद ओडिशातील प्रिन्स डान्स ग्रुपला मिळाले आणि त्या गटात मजुरी करणारी मुले होती. मराठीतही झी मराठीच्या ‘एकापेक्षा एक’ने नाचाला घराघरांत मान मिळवून दिला. ‘पोराटोरांचे चाळे’ म्हणून ज्याकडे पाहिले जाई, त्याला टाळ्या वाजवताना आईबाप दिसू लागले. टीव्हीचे हे ऋण मी नाकारीत नाही.

पण या कार्यक्रमांची घडण कशी असते ते पाहा. नाचावयास दोन-तीन मिनिटे. गाणे आठवडाभर आधी ठरवून, कापून, जोडून तयार केलेले. परीक्षक एका बाजूला बसलेले, म्हणून सारा नाच त्या एका बाजूला तोंड करून बसवावयाचा. समोर उत्तर देणारा कोणी नाही. उत्तर येते ते गुणांच्या आणि एसएमएसच्या रूपाने. नाचाआधी घरची गरिबी दाखविणारी चित्रफीत हवी. कॅमेरा उंचावरून फिरतो, त्याला फूटवर्कमधली बारीक पावले टिपता येत नाहीत. त्याला दिसते ती कोलांटी, दिसतो तो मनोरा, एका माणसाने दुसऱ्याला हवेत फेकलेले दिसते. परीक्षक उठून उभे राहतात तेही तेव्हाच. जे दिसते त्याला गुण मिळतात आणि ज्याला गुण मिळतात ते पुढचा गट बसवितो. टॉपरॉक आणि फूटवर्क आपल्याला का दिसत नाहीत, याचे उत्तर एवढेच आहे. पॉवर मूव्हही आपल्याकडे हळूहळू कसरतीत मिसळून गेली.

ही कसरत ज्यांनी सर्वांत उंच नेली ती मुले आपल्या शेजारचीच. भिवंडी रोडला गाडीत बसले की खारबाव, कामण रोड, जूचंद्र आणि मग वसई. तेथून एका बाजूला नालासोपारा आणि दुसऱ्या बाजूला नायगाव, भाईंदर. नालासोपाऱ्यात सुरेश मुकुंद आणि व्हर्नन माँटेरो यांनी उभा केलेला गट २०११ मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकला, २०१५ मध्ये सॅन डिएगो येथील जागतिक हिप-हॉप स्पर्धेत तिसरा आला, आणि २०१९ मध्ये ‘द किंग्ज’ या नावाने अमेरिकेतील ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकून दहा लाख डॉलर घेऊन आला. अंतिम फेरीत त्यांना शंभरपैकी शंभर गुण होते. भाईंदर-नायगाव भागातील ‘व्ही अनबीटेबल’ हा गट २०१९ मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’मध्ये चौथा आला आणि २०२० मध्ये त्याच्या विजेत्यांच्या स्पर्धेत पहिला. आमच्या गावातील मुलांच्या मोबाईलमध्ये या दोन्ही गटांच्या चित्रफिती हमखास सापडतात.

‘व्ही अनबीटेबल’ या नावातील ‘व्ही’ हे त्यांच्या एका साथीदाराच्या नावाचे पहिले अक्षर आहे. सरावात पडून तो जायबंदी झाला आणि त्यातच गेला. मुलांनी पाठीवर त्याचे नाव लावून अमेरिकेत नाच केला आणि पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. परंतु नंतर एक प्रश्न राहतोच. त्याचा मृत्यू ही त्या कार्यक्रमात गटाची कथा झाली. तो कोणत्या प्रकारच्या उडीत पडला, खाली गादी होती का, शिकविणारा कोण होता, हे कोणी विचारले नाही. कार्यक्रमाला त्याची गरजच नव्हती.

आमच्या भागात मात्र ती आहे. दोन वर्षांपूर्वी एका शेजारगावच्या मुलाने गणपतीच्या स्पर्धेसाठी दोघांच्या खांद्यांवरून मागे उडी घेतली आणि तो खांद्यावर आपटला. हासळीचे हाड मोडले. दिवसा तो गोदामात माल उचलण्याचे काम करी. तीन महिने रोज बुडाला. उडी त्याने टीव्हीवर पाहून घेतली होती. पडद्यावर उडी दिसते, पण त्याआधीचे वर्षभर फोमच्या खड्ड्यात केलेले सराव दिसत नाहीत. आमची मुले भाताच्या मळणीनंतर खळ्यात पेंढा पसरून सराव करतात. पेंढा कोलांटीपुरता ठीक. पण गणपती येतात ते भर पावसाळ्यात, आणि तोवर पेंढा गुरांनी खाऊन संपविलेला असतो!

नक्कल करण्यावाचून या मुलांना मार्ग तरी कोणता? ‘एबीसीडी २’ (२०१५) हा चित्रपट सुरेश आणि व्हर्नन यांच्या वाटचालीवर बेतलेला. त्यात फिलिपिन्सच्या एका गटाची नक्कल केल्याचा ठपका बसून बदनाम झालेली मुले पुन्हा उभी राहतात. चित्रपटात ही लज्जेची गोष्ट म्हणून येते आणि हिप-हॉपच्या नियमाप्रमाणे ती लज्जेचीच आहे. परंतु ज्या पडद्याने केवळ अखेरचा निकाल दाखविला आणि धडा कधी दिला नाही, त्याच्यापुढे बसून शिकणाऱ्याने नक्कल केली, तर सारा दोष त्याच्या माथी मारणे मला पटत नाही. घरात आधी कोणीच कॉलेजात गेलेले नसले, तर आपणही सुरुवातीला निबंध गाइडातून उतरवूनच काढतो.

रिंगणात शिकलेली मुलेही मुंबईत आहेत, आणि ती टीव्हीवर फारशी दिसत नाहीत. ‘स्लमडॉग मिलियनेर’ (२००८) आल्यानंतर धारावीतील मुलांनी त्या ‘डॉग’ला उत्तर म्हणून ‘स्लमगॉड्स’ या नावाने गट काढला. न्यूयॉर्कहून आलेले नेत्रपाल सिंह ऊर्फ ‘हेरा’ आणि धारावीचाच आकाश धनगर ऊर्फ ‘अक्कू’ यांनी तेथील मुलांना फी न घेता ब्रेकिंग शिकविले. येथे क्रम उलटा होता. आधी पाऊल, मग उडी. नोव्हेंबर २०१९ मध्ये रेड बुल बीसी वन या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी मुंबईत वरळी येथे झाली. मधे गोल रंगमंच, भोवती माणसे, गाणे आधी माहीत नाही. नेदरलँड्सचा मेनो तिसऱ्यांदा विजेता ठरला. मुलींत रशियाची कास्तेत जिंकली. वरळी दिघाशीहून दोन-अडीच तासांवर. आमच्या गावात या स्पर्धेची वार्ता कोणालाच नव्हती, कारण ती कोणत्याही हिंदी-मराठी मनोरंजन वाहिनीवर नव्हती.

२०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग हा खेळ म्हणून आला. ९ ऑगस्टला मुलींची स्पर्धा झाली आणि दुसऱ्या दिवशी मुलांची; त्यामुळे या खेळातील ऑलिंपिकचे पहिले सुवर्णपदक एका मुलीच्या, जपानच्या आमी युआसाच्या, गळ्यात पडले. ‘फ्लॅशडान्स’मधला टोप उतरावयास एक्केचाळीस वर्षे लागली. तंत्र, चालींचे भांडार, सफाई, तालाशी नाते आणि स्वतंत्रता अशा पाच कसोट्या परीक्षकांना दिलेल्या होत्या. मी आमीच्या लढती नीट पाहिल्या. ती फार उंच उडत नाही. पायांनी जमिनीवर लिहिल्यासारखे करते. अशी मुलगी आपल्याकडील कार्यक्रमात पहिल्या फेरीतच घरी गेली असती, असे मला वाटते.

गंमत अशी, की आमच्याकडील मोबाईलवर पॅरिसहून पोहोचली ती आमी नव्हे. पोहोचली ती ऑस्ट्रेलियाची ‘रेगन’. तीन लढतींत तिला परीक्षकांचे एकही मत मिळाले नाही आणि तिच्या कांगारूसारख्या उड्या जगभर हसण्यावारी गेल्या. आठ-दहा सेकंदांच्या त्या तुकड्यांनी ऑलिंपिकमधले ब्रेकिंग म्हणजे काय ते आमच्या गावापुरते ठरवून टाकले. पुढील २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ ठेवलेला नाही. तो निर्णय पॅरिसच्या आधीच झालेला होता. रेगनचा त्यात दोष नाही.

मोबाईलने एक बरे केले आहे, तेही नोंदविले पाहिजे. सिडनीचा धडा आता कोणालाही, कितीही वेळा मागे-पुढे करून पाहता येतो. ‘सिक्स-स्टेप’ संथपणे शिकविणाऱ्या चित्रफिती हिंदीतही आहेत. या पावसाळ्यात आमच्या वाडीतील चार मुले आणि दोन मुली त्यावरून शिकल्या. जागा म्हणजे एका घराची पडवी, आणि खाली गोदामातून आणलेली खोकी फाडून पसरलेला पुठ्ठा. ब्राँक्समधील मुलेही नेमक्या अशाच पुठ्ठ्यावर नाचत असत, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना ते खरे वाटेना. त्या दोन मुलींपैकी एकीचे टॉपरॉक मुलांपेक्षा सरस आहे. रेकॉर्ड डान्स स्पर्धेच्या आयोजकांनी तिला मात्र लावणीसाठी नाव द्यावयास सांगितले.

आपल्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनातही नाचाची स्पर्धा रंगमंचावर, परीक्षकांकडे तोंड करून आणि गाणे पेनड्राइव्हमध्ये आधी जमा करून होते. यंदा एक स्पर्धा पटांगणात गोल करून घ्यावी, गाणे आयत्या वेळी लावावे, एकाने नाचावे आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे, उड्यांना गुण नसावेत, आणि मुलामुलींना एकाच रिंगणात उतरू द्यावे, असा अर्ज मी सांस्कृतिक मंडळाकडे दिला आहे. खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिले आहे. पुठ्ठा आम्ही घेऊन येऊ.